फायबरच्या टोकात डोकावू नका, आणि तो मेसेजही पुढे पाठवू नका

‘फायबर कनेक्शन घेण्याआधी हे सात नियम वाचा, कंपन्या तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’ असा एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो माझ्या मावशीने टाकला. नुसता टाकून थांबली असती तर मी सोडूनही दिलं असतं. पण तिने त्यातला चौथा नियम करून पाहिला, आणि मग ‘नेट बंद पडलंय, कंपनीने फसवलं’ म्हणून मला फोन केला. नेटवर्कचं काम हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे हा मेसेज वाचून माझा संताप झाला.

नियम थोडक्यात असे. एक, फायबर सगळीकडे सारखंच, म्हणून सगळ्यात स्वस्त कंपनी घ्या आणि वर्षाचे पैसे एकदम भरा. दोन, जितके जास्त एमबीपीएस (नेटचा वेग मोजायचं एकक) तितकी लाइन भरवशाची. तीन, फायबरचा स्पीड कुणाशीही वाटला जात नाही. चार, मशीनमधून केबल काढून टोकात बघा. लाल प्रकाश दिसला तर लाइन खरी, नाही दिसला तर फसवणूक. पाच, टेक्निशियनसमोर मोबाइलवर स्पीड टेस्ट करा, आकडा आला की सही करा. सहा, वीज गेली तरी फायबर चालूच राहतं. सात, ९९ टक्के अपटाइमची, म्हणजे तितका वेळ नेट चालू राहण्याची, हमी देणारी कंपनी निवडा आणि जोडीला दुसऱ्या कंपनीची लाइन घेऊन ठेवा, म्हणजे नेट कधीच जाणार नाही.

चौथ्यापासून सुरुवात करते. बाकीच्या नियमांनी फार तर पैसे वाया जातील, या नियमात डोळ्याशी खेळ आहे.

घरोघरी जे फायबर येतं ते बहुतेक ठिकाणी जीपॉन नावाच्या तंत्रावर चालतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं, म्हणजे आयटीयूचं, जी.९८४ हे त्याचं मानक. २००३ पासून ते अस्तित्वात आहे. त्यात कंपनीकडून घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि घराकडून परत जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो. माणसाच्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचंच दिसतं. म्हणजे लाइन अगदी ठणठणीत असली तरी टोकात अंधारच दिसणार. ज्यांची लाइन उत्तम आहे त्या प्रत्येकाला हा नियम ‘तुम्ही फसलात’ असं सांगतो.

मेसेजमध्ये पुढे लिहिलंय, ‘डोळ्याने नाही दिसलं तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा.’ टीव्हीच्या रिमोटचा दिवा काही कॅमेऱ्यांत जांभळट चमकताना दिसतो, तिथून ही कल्पना उचललेली दिसते. रिमोटचा प्रकाश ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. कॅमेऱ्याचा सिलिकॉन सेन्सर ११०० च्या पुढे आंधळाच. १४९० त्याला दिसणं शक्यच नाही.

आता धोक्याचं. घरापर्यंत पोचेपर्यंत हा प्रकाश फार क्षीण झालेला असतो, हे मी लपवणार नाही. प्रकाशाची ताकद मोजायच्या मीटरवर उणे २० डीबीएम (ताकदीचं एकक) दिसत असेल तर ती एका मिलिवॅटच्या शंभराव्या भागाइतकी शक्ती असते. एकदा डोकावलं म्हणून कुणाची दृष्टी गेली असं मी म्हणत नाही. पण हा लेझर आहे आणि तो दिसत नाही. दिसणारा झगमगाट डोळ्यावर आला की पापणी आपोआप मिटते. न दिसणाऱ्या प्रकाशाला ती मिटत नाही. त्यात हातातली केबल स्प्लिटरनंतरची, म्हणजे एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डबीनंतरची, आहे की थेट आलेली, तिच्यातून टीव्हीसाठीचा १५५० नॅनोमीटरचा जास्त ताकदीचा सिग्नलही येतोय की नाही, हे घरी बसून कुणालाच कळत नाही. म्हणून या कामातला पहिलाच नियम असा की जोडलेल्या फायबरच्या टोकात कुणी कधीही बघायचं नाही. अनुभवी टेक्निशियनसुद्धा बघत नाही. तो पॉवर मीटर लावतो. आणि इथे मेसेज लिहिणारा माणूस म्हाताऱ्या-कोताऱ्यांना आणि घरातल्या पोरांना ते टोक डोळ्यापाशी धरायला सांगतोय.

यातला लाल प्रकाश कुठून आला असेल ते मला समजतं. तुटलेली जागा शोधताना टेक्निशियन ६५० नॅनोमीटरच्या लाल लेझरचं पेन लावतो, आणि जिथे काच तुटलीय तिथे लाल उजेड फुटतो. ते कुणीतरी पाहिलं आणि अर्धवट लक्षात ठेवलं. खरं तर घरच्या मशीनवर, म्हणजे ओएनटीवर, ‘एलओएस’ असं लिहिलेला दिवा असतो. बहुतेक मशीनवर तो लाल झाला की सिग्नल येत नाही असा अर्थ. लाल दिसलं की लाइन चालू, हे मेसेजमधलं वाक्य वस्तुस्थितीच्या बरोब्बर उलटं आहे.

मावशीच्या बाबतीत काय झालं ते सांगते, कारण तेच अनेकांच्या घरी होत असणार. तिने हिरवा कनेक्टर ओढून काढला, आत पाहिलं, अंधार दिसला. टोकाला धूळ असेल म्हणून बोटाने चोळलं, मग हाताला लागलेल्या कापडाने पुसलं आणि परत खोचलं. त्या हिरव्या प्लास्टिकच्या टोकाशी अडीच मिलिमीटर जाडीची पांढरी सिरॅमिकची दांडी असते, तिच्या मधोमध काचेचा धागा. प्रत्यक्ष प्रकाश वाहणारा त्याचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. बोटाचा तेलकटपणा तिथे बसला की संपलं. ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या सिग्नलचा आकडा दिसतो. उण्याचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. तिचा उणे २९ च्या पुढे गेला होता. जीपॉनच्या नेहमीच्या प्रकारात घरच्या मशीनला उणे ८ ते उणे २७ च्या दरम्यानचा सिग्नल लागतो. टेक्निशियनने येऊन फायबर पुसायच्या खास क्लीनरने टोक साफ केलं आणि नेट सुरू झालं. लाइन आधीपासून चांगलीच होती. ती बिघडवली या मेसेजने.

आपल्या लाइनचा सिग्नल खरंच बघायचा असेल तर तोच आकडा बघा. कनेक्शन बसवताना टेक्निशियनला मीटरचं रीडिंग विचारा आणि लिहून ठेवा. उणे १८, उणे २० असेल तर छान. पहिल्याच दिवशी उणे २६ असेल तर पुढे एक सांधा जरा ढिला झाला की लाइन जाणार, तेव्हा तिथल्या तिथे दुरुस्त करून मागा. कंपनी नीट काम करते की नाही हे ओळखायला हा आकडा सगळ्या जाहिरातींपेक्षा उपयोगाचा आहे.

तिसरा नियम, स्पीड वाटला जात नाही. साफ खोटं, आणि पुन्हा तेच मानक पुरेसं आहे. जीपॉनच्या एका फायबरवर खाली यायला सेकंदाला २.४८८ गिगाबिट, म्हणजे २४८८ एमबीपीएस, आणि वर जायला १.२४४ गिगाबिट, इतकीच जागा. ती स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. बत्तीसच्या बत्तीस घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीने डाउनलोड लावलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ७७ एमबीपीएस येतील. असं प्रत्यक्षात होत नाही, कारण बहुतेक घरं बहुतेक वेळ काहीच ओढत नसतात. म्हणून वाटून घेणं ही फसवणूक नव्हे, तंत्रच तसं आहे. अडचण बहुतेक वेळा त्याच्याही वर असते: शेकडो घरांचा ट्रॅफिक जिथे गोळा होतो तिथून बाहेर इंटरनेटकडे जाणारी वाट कंपनीने किती रुंद ठेवलीय. चांगली आणि कंजूष कंपनी यांतला फरक इथे असतो आणि तो फक्त रात्री आठ ते अकरामध्ये दिसतो. तेव्हा कनेक्शन घेण्याआधी त्याच इमारतीत किंवा त्याच गल्लीत तीच कंपनी वापरणाऱ्याला गाठा आणि एकच विचारा, रात्री काय होतं? जीपॉनच्या पुढच्या, एक्सजीएस-पॉन नावाच्या नवीन तंत्रावर दोन्ही दिशांना सुमारे १० गिगाबिट मिळतात. कंपनी ते देत असेल तर बरंच, पण बाहेरची वाट अरुंद असेल तर त्याचाही उपयोग नाही.

दुसरा आणि पाचवा नियम एकत्रच घेते, दोन्ही आकड्याच्या मोहातून आलेत. १०० एमबीपीएसचा प्लॅन आणि ३०० चा प्लॅन त्याच काचेतून, त्याच स्प्लिटरमधून येतो. मर्यादा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये घातलेली असते. तिप्पट पैसे भरून केबल तिप्पट मजबूत होत नाही. नेटफ्लिक्स स्वतः फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरेसे सांगतं. व्हिडिओ कॉल अडकतो तो बहुतेक वेळा डाउनलोड कमी पडलं म्हणून नाही, तर अपलोड तुंबलं म्हणून किंवा माहितीला वाटेत थांबावं लागलं म्हणून. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १००० किलोमीटरला ५ मिलिसेकंद. आयटीयूच्याच जी.११४ या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलण्यात सहसा अडचण जाणवत नाही. तरीही आवाज तुटतो, कारण राउटरमध्ये रांग लागते: घरातल्या कुणाचे फोटो क्लाउडवर चढत असतात आणि तुमचं बोलणं त्यामागे ताटकळतं. म्हणून नुसता स्पीड टेस्टचा आकडा बघू नका. मोठी फाइल अपलोडला लावा आणि त्याच वेळी पिंग, म्हणजे माहिती जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, बघा. एरवी १० असलेलं पिंग ४०० वर गेलं, तर मोठा प्लॅन घेऊन काही होणार नाही. रांग नीट हाताळणारा राउटर लागेल. आणि प्लॅन निवडताना अपलोडचा आकडा वेगळा विचाराच.

टेक्निशियनसमोर मोबाइलवर केलेली टेस्ट तर जवळजवळ निरुपयोगी आहे. ती वायफायवर होते, बऱ्याचदा कंपनीच्याच सर्व्हरशी होते, आणि दुपारी होते. राउटरला वायर लावून टेस्ट करा, बाहेरचा सर्व्हर निवडा, आणि रात्री पुन्हा करा. राउटरचं पोर्ट किती वेगाचं आहे तेही बघा. काही स्वस्त राउटरना अजून १०० एमबीपीएसचीच पोर्ट असतात. त्यांवर ३०० चा प्लॅन घेतला तरी वायरने ९४-९५ च्या वर आकडा जाणार नाही, आणि ग्राहक कंपनीच्या नावाने बोटं मोडत बसतो.

पहिला नियम, फायबर म्हणजे फायबर. जाहिरातीत ‘फायबर’ लिहिलं म्हणून घरात फायबर येतं असं नाही. इमारतीच्या खोक्यापर्यंत किंवा रस्त्यावरच्या पेटीपर्यंत काच आणि पुढे तांबं, असंही त्याच नावाने विकलं जातं. ब्रिटनमध्ये सिटीफायबर कंपनी या शब्दाच्या वापराविरुद्ध न्यायालयात गेली आणि २०१९ मध्ये हरली. तेव्हा शब्दावर जाऊ नका, भिंतीतून काय आत येतंय ते बघा: ओएनटीत खोचलेली बारीक केबल आणि तिला बहुधा हिरवा कनेक्टर असेल तर काच, राउटरमध्ये थेट जाड नेटवर्क वायर येत असेल तर नाही. वर्षाचे पैसे एकदम तर मुळीच भरू नका. पहिले दोन-तीन महिने महिन्याच्या बोलीवर काढा. पैसे आधी हातात पडलेल्या कंपनीला तुमच्या तक्रारीची घाई नसते.

सहावा नियम. यात तथ्य आहे, मान्य करावं लागतं. कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंतच्या जीपॉनच्या वाटेत विजेवर चालणारं काहीच नसतं. स्प्लिटरला वीज लागत नाही, आणि केंद्रात बॅटऱ्या असतात. पण घरातल्या ओएनटीला आणि राउटरला वीज लागतेच. जुन्या तांब्याच्या फोनला तारेतूनच वीज मिळायची, काचेतून ती येत नाही. दोन्ही मशीन बहुतेक १२ व्होल्टवर चालतात, तेव्हा राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस पुरतो. तो लावूनही वीज गेल्यावर नेट जात असेल, तर मधे कुठेतरी विजेवरचा स्विच आहे, म्हणजे तुमचं फायबर घरापर्यंत आलेलंच नाही, किंवा कंपनीच्या केंद्रातल्या बॅटऱ्या मेल्या आहेत. दोन्ही गोष्टी कंपनीला विचारण्यासारख्या आहेत.

राहिला सातवा. ९९ टक्के ऐकायला भारी वाटतं. वर्षाचे ८७६० तास. त्याचा एक टक्का म्हणजे ८७ तासांहून जास्त, साडेतीन दिवस. इतके दिवस नेट बंद ठेवूनही कंपनीने हमी पाळली असं होतं. ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास. त्यापेक्षा हे विचारा: केबल तुटली तर जोडायला कोण येतं? स्प्लायसिंगचं, म्हणजे तुटलेलं फायबर सांधायचं, मशीन आणि ते चालवणारा माणूस जवळपास आहे की दुसऱ्या गावाहून यावा लागतो? रविवारी येतो का? तक्रारीचा नंबर लगेच मिळतो का, आणि ठरलेल्या तासांत लाइन सुरू झाली नाही तर बिलातून पैसे वजा होतात का? हे लेखी देणारी कंपनी १०० एमबीपीएस देत असेल तरी ती घ्या.

दुसऱ्या कंपनीची लाइन जोडीला ठेवायची कल्पना चांगली आहे, पण नाव वेगळं म्हणजे केबल वेगळी असं धरून चालू नका. अनेक ठिकाणी दोन-तीन कंपन्या एकाच मालकाचं फायबर भाड्याने घेऊन आपापल्या नावाने विकतात, किंवा त्यांच्या केबल एकाच खांबावरून, एकाच पाइपातून जातात. खोदकामात तो पाइप तुटला की दोन्ही एकदम जातात आणि तुम्ही दोन बिलं भरत राहता. टेक्निशियनला घेऊन खाली जा आणि दोन्ही केबल कुठून येतात ते डोळ्याने बघा. वाट एकच असेल तर दुसऱ्या फायबरऐवजी मोबाइल डेटावर चालणारा राउटर जोडीला ठेवा.