आधी त्यांचा कागद आणा

आज सकाळी टाउनशिपच्या, म्हणजे आमच्या इथल्या ग्रामपंचायतीच्या, ऑफिसातून परत आलो आणि गॅरेजमध्ये लेथजवळच्या स्टुलावर अर्धा तास नुसता बसून राहिलो. बायको चहा ठेवून गेली. काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही. बंदूक दुरुस्तीच्या लायसन्ससाठी चौदा महिने खेटे घालून झाल्यावर ती तरी काय विचारणार!

मी राहतो पेनसिल्व्हेनियात. इथे बंदूक विकत घेणं म्हणजे काय असतं ते सांगतो. दुकानात जायचं, ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, दुकानदार स्टेट पोलिसांकडे चौकशी करतो, तिकडून होकार आला की शिकारीची रायफल घेऊन गडी जेवायच्या आत घरी. मी चपला घ्यायला यापेक्षा जास्त वेळ लावतो. पण तीच रायफल कुणी माझ्याकडे आणून म्हणाला, ‘चाप अडकतोय, बघ जरा,’ आणि मी चार पैसे घेऊन ती नीट करून देतो म्हटलं, की तो झाला धंदा. मग लायसन्स हवं.

लायसन्स लागू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. लागायलाच हवं. या देशात तर दहा वेळा लागायला हवं. माझं दुखणं वेगळंच आहे.

सव्वीस वर्षं टूलरूममध्ये काढली. कंपनीने गाशा गुंडाळला तेव्हा पन्नाशी उलटली होती. हातात कला आहे, घरात लेथ आहे आणि आजूबाजूला सगळे शिकारी. आमच्याकडे हरणांच्या रायफल सीझनचा पहिला दिवस म्हणजे सणच. २०१८ पर्यंत तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी असायचा आणि त्या दिवशी कित्येक शाळांना चक्क सुट्टी. आता शनिवारी असतो. त्याच्या आधीचे दोन महिने प्रत्येकाला रायफलीवर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसवून हवा असतो, आजोबांच्या रायफलीचा गंज काढून हवा असतो. म्हटलं, गॅरेजमध्येच दुरुस्तीचं काम सुरू करू. एकही बंदूक विकायची नाही. पण कायद्याच्या लेखी गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा, आणि विक्रेता एकाच टोपलीत. दोघांनाही एफएफएल, म्हणजे फेडरल लायसन्स, टाइप ०१. तीन वर्षांचे २०० डॉलर, पुढे नूतनीकरणाला ९०.

एके काळी हेच लायसन्स वर्षाला दहा डॉलरात मिळायचं. दोन लाखांहून जास्त लोकांकडे होतं, त्यातले पुष्कळसे स्वयंपाकघरातल्या टेबलावर धंदा करणारे. १९९३ आणि ९४ साली कायदे बदलले. फी वाढली, फोटो आणि बोटांचे ठसे आले आणि एक कलम आलं की धंदा स्थानिक नियमांत बसला पाहिजे. हे कलम वाचून मी मान डोलावली होती. रास्त वाटलं होतं हो! आता तेच माझ्या नरड्याशी बसलंय.

एटीएफ, म्हणजे हे लायसन्स देणारं फेडरल खातं, म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. माझा अनुभव उलटा. फॉर्म ७ भरला, ठसे दिले, एक प्रत इथल्या पोलीस प्रमुखाला पाठवली (परवानगी नाही, नुसती माहिती). मग तपासणीला एक बाई आली. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून तिने दोन तास सगळं समजावलं. हत्यार आलं की पुढच्या कामाच्या दिवसअखेर वहीत नोंद, गेलं की सात दिवसांत. मालक समोर उभा असताना दुरुस्त करून दिलं तर नोंद नको, पण रात्रभर ठेवलं की हवीच. चोरी झाली तर ४८ तासांत कळवायचं. वर्षातून एकदा न सांगता तपासणी होऊ शकते. धंदा बंद केला की सगळ्या वह्या वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला पाठवायच्या. अख्ख्या चौदा महिन्यांत माझ्याशी सरळ बोललेलं हे एकमेव माणूस.

जाताजाता तिने विचारलं, ‘टाउनशिपचा झोनिंगचा कागद?’

झोनिंग म्हणजे कुठल्या जागेत कुठला धंदा चालेल याचे नियम. इथून वरात निघाली. टाउनशिपच्या नियमात घरगुती धंद्यांची यादी आहे. शिवणकाम चालतं, संगीताचे क्लास चालतात, हिशेबनीस चालतो. बंदूक दुरुस्ती यादीत नाही. नाही म्हणजे मनाई आहे का? तसंही नाही. झोनिंग ऑफिसर म्हणे, ‘हे माझ्या अखत्यारीत येत नाही, बोर्डापुढे सुनावणी घ्या.’ सुनावणीची फी ८०० डॉलर, काहीही झालं तरी परत नाही. बोर्डाने विचारलं, ‘फेडरल लायसन्स कुठाय?’ म्हटलं, ते तुमच्या कागदाशिवाय मिळत नाही. ‘मग आम्ही कशाच्या आधारावर ठरवायचं?’ राज्याचं लायसन्स आणखी वेगळं, ते काउंटीचा शेरीफ देतो, ३० डॉलर. तो म्हणाला, ‘आधी ते दोन्ही आणा, मग या.’

तलाठी म्हणतो तहसीलला जा, तहसील म्हणतं तलाठ्याचा दाखला आणा. हेच टाळायला मी सात समुद्र ओलांडले होते ना? फरक इतकाच की इथे खुर्चीतला माणूस हसून ‘हॅव अ गुड डे’ म्हणतो. एकजण तरी तोंडावर ‘नाही’ म्हणा रे बाबांनो! ‘नाही’ म्हटलं तर अपील करता येतं. हे कुणी म्हणतच नाही.

सुनावणीआधी नियमाप्रमाणे घरासमोरच्या हिरवळीवर नोटिशीचा बोर्ड लागला. शनिवारी मराठी मंडळात हळदीकुंकू होतं. तिथे एका वहिनींनी सगळ्यांदेखत बायकोला विचारलं, ‘तुमच्याकडे बंदुकांचं दुकान निघतंय म्हणे?’ बायको घरी येऊन रात्रभर माझ्याशी बोलली नाही. आईला कुणी कळवलं देव जाणे, रत्नागिरीहून तिचा फोन. ‘अरे, सत्यनारायण घालतोस त्या घरात बंदुका?’ आईला मी काकांची आठवण करून दिली. काकांकडे शेतीच्या राखणीची ठासणीची बंदूक होती, लायसन्सची. निवडणूक आली की ती पोलीस स्टेशनात जमा करायची. माकडांना आचारसंहिता लागू नसल्यामुळे ती तेवढ्या दिवसांत नारळ पाडून जायची. काका शिव्या घालायचे, मी हसायचो. आता कळतंय.

वरून आमची सोसायटी. हो, इथेही असते, एचओए म्हणतात, आणि चेअरमनही अगदी तसाच असतो. ‘घरी गिऱ्हाईक आल्याने वर्दळ वाढेल.’ माझ्याकडे आठवड्याला तीन माणसं आली तर दिवाळी! समोरच्या घरात पियानोचा क्लास चालतो. रोज पंधरा गाड्या, त्यातली एक हमखास माझ्या ड्राइव्हवेला आडवी. ती वर्दळ नाही, ती संस्कृती.

बँकेचं तर बोलूच नका. गिऱ्हाइकांच्या कार्डाचे पैसे घ्यायला खातं उघडलं, अर्जात ‘गनस्मिथ’ लिहिलं, तिसऱ्या दिवशी खातं बंद. कारण कळवलं नाही. विमावाला अजून ‘वरती विचारून सांगतो’ म्हणतोय, मार्चपासून.

आणि हाच चेअरमन, बरं का, वर्दळीवाला, गेल्या ऑक्टोबरात रायफल घेऊन गॅरेजमध्ये आला होता. स्कोप बसवून दे म्हणाला. शेजारधर्म म्हणून दिला बसवून, समोर उभं करून, फुकटात. फुकट केलं तर धंदा नाही, लायसन्स नको, वर्दळही नाही. पैसे मागितले की वस्ती धोक्यात.

तर आज दुसऱ्या सुनावणीची तारीख होती. एटीएफच्या बाईकडून ‘अर्ज प्रलंबित आहे, झोनिंगची वाट पाहतोय’ असं पत्र मागून घेतलं होतं. इस्त्रीचा शर्ट, फाइल, सहा प्रती. नऊला पोचलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘तुम्हाला ईमेल नाही मिळाला? आज गणपूर्ती नाही. पुढची तारीख जानेवारीत.’

सदस्य कुठे गेले, विचारलं. म्हणाली, ‘डिअर सीझन ना. सगळे कॅम्पवर आहेत.’

हे लिहीत असतानाच फोन वाजला. चेअरमन. जंगलातून बोलत होता, रेंज तुटत होती. स्कोप हलतोय म्हणे, रविवारी परतताना रायफल टाकून जाऊ का, सोमवारी नेतो.

म्हटलं, रात्रभर ठेवायची तर वहीत नोंद लागते, आणि माझ्याकडे वही नाही.