फौजीला बंदुकीचा परवाना लागत नाही म्हणे!

फौजींच्या गावांतून सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: जवानाला स्वतःच्या हत्याराला परवाना लागत नाही, पेन्शनीवर आलेल्याने डिस्चार्ज बुक (सेवा संपल्यावर फौजेकडून मिळणारं पुस्तक) दाखवलं की भागतं, जम्मूचा परवाना देशभर चालतो, आणि अठराव्या वर्षी हातात रायफल देणारं सरकार अग्निवीराला पिस्तुलाच्या परवान्यासाठी 21 ची अट घालतं, हा त्याचा अपमान आहे. लिहिणाऱ्याला फौजींबद्दल आपुलकी असेलही. पण या मेसेजवर विसंबून आत जाईल तो फौजीच.

परवाना लागत नाही, हे साफ खोटं. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 मध्ये सूट आहे, ती कर्तव्यावर असताना बाळगलेल्या हत्याराला. जवानाची रायफल सरकारची असते. तो सुट्टीवर निघतो तेव्हा ती कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात असते, गाडीत त्याच्यासोबत असते फक्त ट्रंक. स्वतःचं पिस्तूल घ्यायचं तर कलम 3 ची परवान्याची अट त्यालाही तुमच्या-माझ्याइतकीच लागू.

आता 21 ची अट. हा मुद्दा काळजाला भिडतो, म्हणून तो नीट तपासू. कलम 9 प्रमाणे 21 वर्षं पूर्ण न झालेल्याला स्वतःचं अग्निशस्त्र बाळगता येत नाही, हे खरं. पण अग्निवीर भरती होतो तो कमीत कमी साडेसतराव्या वर्षी आणि सेवा असते चार वर्षांची. म्हणजे सेवा पूर्ण करून घरी येतो तेव्हा सर्वांत लहान पोरगाही साडेएकवीसचा झालेला असतो. ही अट त्याच्या आडवी येतेच कुठे? ज्यांना ती लागू होते ते अजून पलटणीत असतात आणि वर्षाला तीस दिवस सुट्टीवर येतात.

शिवाय पलटणीत रायफल हातात असते म्हणजे काय, हे रेंजवर उभं राहिलेल्यालाच विचारा. राउंड म्हणजे गोळ्या मोजून मिळतात, रिकामे खोके म्हणजे उडालेल्या गोळ्यांची कवचं मोजून परत द्यावी लागतात. फायरिंग संपल्यावर प्रत्येकाला सांगावं लागतं की माझ्याकडे जिंदा राउंड किंवा खोका नाही. मग रायफल साफ होते आणि कोतात जमा होते. वीस वर्षांच्या पोराच्या मागे तिथे सेक्शन कमांडर असतो, सुभेदार साहेब असतात, अख्खी पलटण असते. गावच्या जत्रेत, भाऊबंदकीच्या बांधावरच्या भांडणात कमरेला पिस्तूल लावून तो उभा राहिला, तर यातलं कोण असतं त्याच्या मागे? त्याच्या नेमबाजीवर मला तिळमात्र शंका नाही. पण नेमबाजी हा परवान्याचा एक भाग झाला, सगळा परवाना नव्हे.

डिस्चार्ज बुकाने काम होत नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तांकडे. पोलिसांचा अहवाल सगळ्यांसाठीच मागवला जातो.

सगळ्यात घातक दावा जम्मूचा. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्यांना वाटलेल्या परवान्यांचं प्रकरण 2017 मध्ये राजस्थानच्या दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) उघडकीला आणलं. पुढे सीबीआयने तपास घेतला आणि 2021 मध्ये सांगितलं की असे 2.78 लाखांहून जास्त परवाने संशयाच्या घेऱ्यात आहेत. त्यात कितीतरी परवाने फौजींच्या नावावर काढले गेले. एजंट पैसे घेतो, छापील पुस्तक हातात देतो, आणि त्या भरवशावर माणूस बारा बोअरची बंदूक खांद्याला लावून पहारेकरी म्हणून बँकेच्या दारात उभा राहतो. पुस्तक बोगस निघालं की हत्यार विनापरवाना ठरतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची कैद आहे. परवाना खरा असला तरी तो कुठल्या क्षेत्रात चालतो ते त्यावरच लिहिलेलं असतं. राज्यापुरता असेल तर राज्यापुरताच. यूआयएन, म्हणजे प्रत्येक परवान्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक नसेल तर तो वैधच नाही.

फौजींची खरी तक्रार वेगळी आहे आणि ती रास्त आहे: अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो, आणि 'साहेब नाहीत' ऐकून माणूस परत फिरतो. आवाज उठवायचा तर त्यावर उठवा. नकार मिळाला तर कलम 14 प्रमाणे कारण लेखी मागा आणि कलम 18 खाली अपील करा. हातात आधीच बाहेरच्या राज्याचं पुस्तक असेल, तर पहारेकऱ्याच्या नोकरीवर रुजू होण्याआधी ते ज्या कार्यालयाने दिलं तिथून लेखी खातरजमा करून घ्या. एजंटाच्या फोनवर विश्वास ठेवू नका.