१० रुपयांचा रबर आणि १,६५० रुपयांचं बिल: आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. सेट वेळेत मिळाला नाही, फेऱ्या माराव्या लागल्या, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय, की कॅसेट आणि घड्याळवाल्या रेडिओला आम्ही दीड महिना लावला, १० रुपयांच्या रबराचे १,६५० रुपये घेतले, दुरुस्तीनंतरही घड्याळ तासाला १० मिनिटं मागे पडतं आणि काउंटरवर तुमच्याशी नीट बोलणं झालं नाही.

उशिराबद्दल वाद घालत नाही. तुम्ही सेट दिलात तो श्रावण संपत आला तेव्हा. बुधवार पेठेत गणपतीचे दिवस कसे असतात हे पुण्याच्या माणसाला काय सांगायचं! रस्ते बंद, पार्सल येत नाही, आणि गल्लीतले सगळे कारागीर मंडळांच्या अँप्लिफायरमागे. त्या गडबडीत नाजूक डेक, म्हणजे कॅसेट फिरवणारा भाग, उघडून ठेवायचा नाही, हा माझ्या वडिलांपासूनचा नियम आहे. सेट घेतानाच मी तुम्हाला हे बोललो होतो. तरी ताटकळावं लागलं ते तुम्हाला, हे मान्य.

पण ती रबराची ओळ मला गिळता येत नाही. दुकानात येण्याआधी लोक आता हेच वाचतात. कुणी साताऱ्याहून, कुणी सोलापूरहून वडिलांचा टेप पिशवीत घालून आणतो. त्याने ही ओळ वाचली, तर हा माणूस रबर बदलून हजार-दीड हजार उकळतो एवढंच त्याच्या मनात राहील. म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही ज्याला रबर म्हणता तो डेकचा बेल्ट. मोटरची गती या बेल्टमधून फ्लायव्हीलला, म्हणजे आतल्या जड चाकाला, मिळते. फ्लायव्हीलचा जो बारीक दांडा वर येतो, तो कॅपस्टन. त्याच्यावर पिंच रोलर, म्हणजे छोटं रबरी चाक, दाबून बसतो आणि दोघांच्या मधून फीत पुढे सरकते, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. या गतीत फरक पडला की गाणाऱ्याची पट्टी बदलते, आणि गती कमीजास्त होत राहिली की आवाज लहरतो. सगळं त्या बेल्टवर अवलंबून.

तुमच्या सेटमध्ये बेल्ट नव्हताच, ताई. मूळचा बेल्ट विरघळून फ्लायव्हीलच्या कडेला आणि मोटरच्या पुलीच्या (मोटरच्या टोकावरच्या चाकाच्या) खाचेत काकवीसारखा चिकटून बसला होता. त्याच्यावर कुणीतरी मेथीच्या जुडीला असतो तसला रबर चढवलेला, त्याचेही तुकडे पडलेले. मी फोटो काढून तुम्हाला लगेच पाठवला होता, तो फोनमध्ये अजून असेल. जुन्या बेल्टचा तो काळा चिकटा पाण्याने निघत नाही, साबणानेही नाही. बोटांना लागला तर बरेच दिवस डाग जात नाही, आणि फितीला लागला तर फीतच वाया जाते. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून, लाकडी काडीने खाचेतून थोडाथोडा काढावा लागतो. मोटरची पुली काही मिलिमीटरची. तिच्यावर नखाएवढा जरी थर राहिला तरी पुली तेवढी जाड होते आणि फ्लायव्हील जास्त वेगाने फिरतं. म्हणून "पुसून टाका पटकन" म्हणून ते होत नाही.

आणि तिथपर्यंत हात पोचणं हे वेगळंच काम. साध्या टू-इन-वनमध्ये (रेडिओ आणि टेप एकत्र) मागचं झाकण काढलं की डेक समोर असतो. घड्याळवाल्या सेटमध्ये सगळं एकावर एक रचलेलं असतं. वर आकड्यांची पट्टी, तिच्या बारीक तारांची जुडी, खाली रेडिओची पाटी, तिच्यावरून कप्प्यांना वळसे घालत गेलेला डायलचा दोरा, आणि या सगळ्याच्या पोटात डेक. दोरा एकदा निसटला की काटा हलत नाही, मग आकाशवाणी पुणे ७९२ वर लावायचं म्हटलं तरी काटा दुसरीकडेच. प्लॅस्टिक जुनं, खिट्ट्या वाळून कडक झालेल्या, जोर लावला की तुटतात. तुमच्या सेटची एकही खिट्टी तुटलेली नाही. कृपया उघडून बघा, किंवा कुणालाही दाखवा.

नवा बेल्ट कुठलाही चालत नाही. आत दोरा फिरवून माप घ्यायचं आणि त्याहून साधारण पाच टक्के कमी घेराचा चौकोनी बेल्ट शोधायचा. जास्त घट्ट झाला तर मोटरच्या बुशवर ताण येतो, सैल झाला तर घसरतो. बसवल्यावर ३,००० हर्ट्झचा सूर भरलेली चाचणीची कॅसेट लावून मीटरवर आकडा बघायचा आणि मोटरच्या मागच्या भोकातून बारीक स्क्रूड्रायव्हरने गती जुळवायची. एक टक्का फरक म्हणजे ३० हर्ट्झ. तेवढा मी सोडत नाही. मोटर गरम झाल्यावर आकडा पुन्हा सरकतो, म्हणून सेट चालू ठेवून परत बघायचं.

तुमच्या बिलात बेल्टचे ९० रुपये आहेत. पिंच रोलर दगडासारखा कडक झाला होता, तो नवा घातला, त्याचे २६०. उरलेले १,३०० मजुरी. तुम्ही आजेसासूबाईंच्या ओव्यांची कॅसेट सोबत दिली होतीत आणि दुसरी प्रत नाही म्हणालात. कडक रोलरवर ती लावली असती तर फीत त्याला गुंडाळली गेली असती. म्हणून आधी माझ्या जुन्या कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजवल्या, हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) साफ केलं, आणि मगच तुमची लावली. ती दुसऱ्या कुठल्या तरी टेपवर भरलेली होती, त्यामुळे आवाज दबका येत होता. हेडचा कोन त्या कॅसेटपुरता कानाने जुळवून दिला, तेव्हा जात्याची घरघर आणि शब्द वेगवेगळे ऐकू आले. तुम्ही स्वतः काउंटरवर उभं राहून ऐकलंत. त्याचे पैसे लावले नाहीत आणि लावणारही नव्हतो. पण अभिप्रायात त्याचा उल्लेखही नाही, याचं वाईट वाटलं.

आता घड्याळ. तुमच्या दिरांनी तो सेट अमेरिकेहून आणला. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तुम्ही जो ट्रान्सफॉर्मर लावता तो व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. घड्याळाची चिप विजेची आवर्तनं मोजून वेळ ठरवते. ६० आवर्तनं झाली की ती एक सेकंद धरते, आणि आपल्याकडे तेवढ्या आवर्तनांना १.२ सेकंद लागतात. म्हणून खऱ्या तासाभरात ती ५० मिनिटंच पुढे जाते. तुमची १० मिनिटं ती हीच. आमच्या दुरुस्तीने ती गेलेली नाहीत. सेट इतकी वर्षं कपाटात होता, त्यामुळे आधी लक्षात आलं नसेल. आत सॅनयोची एलएम८५६० चिप आहे, तिचा एक पाय कुठे जोडायचा त्यावर ५० की ६० ते ठरतं. मी तेव्हाच विचारलं होतं, हेही करून देऊ का. पावतीवर तुमच्या सांगण्यावरून लिहिलंय, "फक्त टेप. घड्याळाला हात लावायचा नाही." माझ्याकडची कार्बन प्रत जपून ठेवली आहे. ९ व्होल्टच्या बॅटरीचंही तेच: वीज गेली की ती वेळ धरून ठेवते, पण अदमासाने, त्यामुळे वीज आल्यावर दोन-चार मिनिटांचा फरक दिसणारच.

बोलण्याबद्दल एवढंच. "रस्त्यावरचा पोरगा २०० रुपयांत करतो" हे तुम्ही इतर गिऱ्हाइकांसमोर म्हणालात आणि फोन समोर धरून चित्रीकरण सुरू केलंत, तेव्हा मी फोन खाली ठेवा म्हणालो. तुम्हाला ते लागलं असेल तर वाईट वाटतं. पण दुकानात माझा मुलगाही काम शिकतोय, त्याच्यासमोर हे ऐकणं मलाही सोपं नव्हतं.

यापुढे पावतीवर मजुरी आणि सामानाचे आकडे सुटे लिहून देऊ, आणि सणासुदीच्या तारखांचंही काहीतरी नीट बघतो.

घड्याळाचं काम मी पैसे न घेता करून देतो. सकाळी ११ नंतर कधीही या, सोमवार सोडून. रबराबद्दलची ओळ बदलायची की नाही ते तुम्ही ठरवा, मी आग्रह करणार नाही. येताना पावती आणा आणि तो ट्रान्सफॉर्मरही आणा. तो फार तापतो असं तुम्ही म्हणाला होतात, त्याची क्षमता सेटला पुरेशी आहे का ते बघायला हवं.