हो चि मिन्ह यांच्या समाधीवर 'मावळा' असं काही लिहिलेलं नाही

शिवजयंती जवळ आली की एक मेसेज दरवर्षी फिरायला लागतो. यंदा तो माझ्या भाचीच्या वहीत उतरला. आठवीतली पोर, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत बोलणार, आणि भाषणातला टाळ्या घेणारा शेवटचा परिच्छेद म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवरचा तोच फॉरवर्ड, शब्दन् शब्द. ताईने कौतुकाने वहीचा फोटो पाठवला. एरवी मी ग्रुपवर "हे खोटं आहे" एवढंच लिहून थांबतो आणि लगेच महाराजांचा विरोधक ठरतो. म्हणून आता सविस्तरच लिहितो.

ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी मेसेजचा सारांश. चिमुकल्या व्हिएतनामने अमेरिकेला वीस वर्षं झुंजवून हरवलं. विजयानंतर पत्रकारांनी राष्ट्राध्यक्ष हो चि मिन्ह यांना विचारलं, हे जमलं कसं? ते म्हणाले, मी एका थोर राजाचं चरित्र वाचलं आणि त्याची युद्धनीती वापरली. तो राजा म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज. ते आमच्या देशात जन्मले असते तर आम्ही जगावर राज्य केलं असतं. पुढे हो चि मिन्ह वारले आणि त्यांच्याच इच्छेने समाधीवर लिहिलं गेलं, 'शिवाजी महाराजांचा एक मावळा समाधिस्थ झाला'. नंतर तिथल्या महिला परराष्ट्रमंत्री भारतात आल्या, सरकारने त्यांना लाल किल्ला आणि राजघाट दाखवला, तेव्हा त्यांनी महाराजांची समाधी कुठे आहे असं विचारलं, रायगडावर जाऊन माथा टेकला आणि तिथली माती बॅगेत भरून नेली.

विजयानंतरच्या मुलाखतीचं आधी संपवून टाकू. अमेरिकेच्या माघारीचा पॅरिसचा करार २७ जानेवारी १९७३ ला झाला. अमेरिकेच्या पाठिंब्यावरच्या दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली ३० एप्रिल १९७५ ला. हो चि मिन्ह २ सप्टेंबर १९६९ ला गेले. विजय झाला तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते तोन दुक थांग. सहा वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाला विजयाबद्दल प्रश्न विचारणारे ते पत्रकार कोण, त्यांचं वर्तमानपत्र कोणतं? मेसेजमध्ये एकही नाव नाही. हे तपासायला इतिहासाची पदवी लागत नाही, दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की पुरतं.

आता त्या समाधीकडे येतो. मला सगळ्यात जास्त चीड याच मुद्द्याची आहे, कारण इथे एका मृत माणसाच्या तोंडी त्याची अखेरची इच्छा घातली आहे, आणि त्याची खरी अखेरची इच्छा कागदावर उपलब्ध आहे.

हो चि मिन्ह यांनी १९६५ मध्ये, पंचाहत्तरीच्या सुमारास, मृत्युपत्र लिहायला घेतलं आणि १९६८ व १९६९ मध्ये त्यात भर घातली, खाडाखोड केली. त्यांच्या हस्ताक्षरातला तो मजकूर आज छापलेला आहे. त्यात ते म्हणतात, माझ्या देहाला अग्नी द्या, रक्षेचे तीन भाग करा, एक उत्तरेला, एक मध्य भागाला, एक दक्षिणेला, आणि त्या टेकड्यांवर पुरा. वर शिळा नको, ब्राँझचा पुतळा नको. भेटायला येणाऱ्यांना टेकायला एखादं साधं, ऐसपैस, हवेशीर घर असावं, आणि येणाऱ्या प्रत्येकाने टेकडीवर एक झाड लावावं.

म्हणजे ज्या माणसाने थडग्यावर शिळाच नको असं लिहून ठेवलं, त्याच्या नावावर आपण शिलालेख खपवतो आहोत, आणि तोही 'त्यांच्या इच्छेनुसार'.

त्यांची इच्छा त्यांच्या पक्षानेही पाळली नाही, ही गोष्ट वेगळी. अग्निसंस्काराचा भाग तेव्हा जाहीरच केला नाही. मृत्यूची तारीखसुद्धा ३ सप्टेंबर सांगितली, कारण २ सप्टेंबर हा राष्ट्रीय दिन. खरी तारीख आणि पूर्ण मजकूर १९८९ मध्ये लोकांसमोर आला. देहाला अग्नी देण्याऐवजी तो रसायनं वापरून जतन केला गेला आणि हनोईच्या बा दिन्ह चौकात करड्या ग्रॅनाइटची भव्य वास्तू बांधून १९७५ च्या ऑगस्टमध्ये खुली झाली. लोक रांगेने, गप्पा न मारता, काचेच्या पेटीतल्या देहासमोरून जातात. दर्शनी भागावर वर मोठ्या अक्षरांत 'अध्यक्ष हो चि मिन्ह' एवढंच कोरलं आहे. पुण्यातून आता कितीतरी लोक व्हिएतनामच्या सहलीला जातात. त्यांच्या फोटोंत ही अक्षरं स्पष्ट दिसतात, आणि सहलीहून परत आलेली तीच माणसं फेब्रुवारीत हा मेसेज पुढे ढकलतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्याच मृत्युपत्राच्या सुरुवातीला ते कारण सांगतात: मी कार्ल मार्क्स, लेनिन आणि इतर ज्येष्ठ क्रांतिकारकांना भेटायला जाईन त्या वेळेसाठी हे लिहून ठेवतो आहे. मृत्यूनंतर कोणाच्या पंगतीत बसायचं हे त्यांनी स्वतः लिहिलं. तुम्हाला मार्क्स-लेनिन आवडोत न आवडोत, तो माणूस त्यांचा होता.

आणि हे मरताना सुचलेलं नव्हतं. न्घे आन प्रांतातल्या एका विद्वान, परीक्षा पास होऊन अधिकारी झालेल्या बापाच्या पोटी १८९० मध्ये जन्मलेला हा मुलगा १९११ मध्ये सायगावहून फ्रेंच जहाजावर स्वयंपाक्याचा मदतनीस म्हणून चढला आणि तीस वर्षं मायदेशी परतला नाही. १९१९ मध्ये व्हर्सायच्या तहाच्या वेळी 'न्गुयेन आय क्वोक' या नावाने त्याने आपल्या लोकांसाठी आठ मागण्यांचं निवेदन दिलं. कोणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी एका फ्रेंच वर्तमानपत्रात वसाहतींच्या प्रश्नावरचा लेनिनचा मसुदा त्याने वाचला. पुढे १९६० मध्ये त्याबद्दल त्यांनी लेख लिहिला आहे: खोलीत मी एकटाच होतो, डोळ्यांत पाणी आलं, आणि समोर गर्दी असावी तसा मोठ्याने ओरडलो की बांधवांनो, आपल्याला हवा तो मार्ग हाच! १९४१ मध्ये चीनच्या सीमेजवळ पाक बो इथल्या गुहेत राहून त्यांनी लढ्याची उभारणी केली, तेव्हा समोरच्या ओढ्याला नाव दिलं लेनिन आणि डोंगराला कार्ल मार्क्स. आजही तीच नावं आहेत.

एका थोर राजाचं चरित्र वाचून ज्याचं आयुष्य बदललं, तो माणूस त्याचं नाव ओढ्याला देणार नाही, डोंगराला देणार नाही, लेखात लिहिणार नाही, मृत्युपत्रात लिहिणार नाही, आणि फक्त अनाम पत्रकारांना सांगणार? हो चि मिन्ह यांना परक्यांचं ऋण मान्य करण्यात कधीही कमीपणा वाटला नाही. २ सप्टेंबर १९४५ ला बा दिन्हच्या मैदानात त्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला, त्याची सुरुवातच अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यातल्या वाक्याने केली, आणि ते वाक्य कुठलं आहे हेही तिथेच सांगितलं. त्यानंतर फ्रेंच राज्यक्रांतीचा दाखला दिला, आणि तोही फ्रेंचांचं जोखड झुगारताना.

यावर ग्रुपवरचे एक काका म्हणाले, "राजकारणाचं जाऊ दे, युद्धनीती तरी आपलीच ना?" तर त्याचंही उत्तर आहे. पाक बोच्या दिवसांतच हो चि मिन्ह यांनी आपल्या देशाचा इतिहास दोनशे आठ ओळींच्या पद्यात लिहिला, तिकडे आपल्या ओवीसारखा लोकांच्या तोंडी असलेल्या छंदात, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही पाठ व्हावा. त्यात त्यांचे स्वतःचे वीर आहेत. इसवी सन ४० मध्ये चीनच्या हान साम्राज्याविरुद्ध उठलेल्या त्रुंग भगिनी. मोंगोलांना परतवणारा त्रान हुंग दाओ. चीनच्या मिंग सत्तेशी दहा वर्षं डोंगरातून लढणारा ले लोय. १७८९ च्या नववर्षाच्या सणात चिनी फौजेवर अचानक तुटून पडणारा क्वांग त्रुंग.

यातला त्रान हुंग दाओ तर पाहाच. १२८८ मध्ये बाक दांग नदीच्या पात्रात त्याने टोकदार खांब ठोकून ठेवले. भरती होती तोवर ते पाण्याखाली दिसत नव्हते. छोट्या होड्यांनी हुलकावणी देत मोंगोलांचं आरमार आत ओढलं, ओहोटी लागली, पाणी उतरलं आणि जहाजं खांबांवर अडकून फुटली. महाराजांच्या जन्माआधी सव्वातीनशेहून अधिक वर्षं ही लढाई झाली आहे. ज्यांच्या घरात असा पूर्वज आहे, त्यांनी गनिमी कावा आपल्याकडून उसना घेतला असं त्यांच्या पोरांसमोर म्हणून दाखवा. आपल्या प्रतापगडाचं श्रेय कोणी तिसऱ्याच देशाच्या राजाला दिलं, तर पुण्यात काय होईल?

त्यांचे सेनापती ज्याप हे आधी हनोईत इतिहासाचे शिक्षक होते. १९५४ मध्ये फ्रेंचांना जिने मोडलं त्या दिएन बिएन फूच्या लढाईला गनिमी कावा म्हणणंही फारसं बरोबर नाही. दरीत फ्रेंचांचा तळ, आणि भोवतीच्या डोंगरांवर माणसांनी दोर लावून हातांनी ओढत नेलेल्या तोफा. जानेवारीत हल्ला ठरला होता. ज्याप यांना तयारी कच्ची वाटली, त्यांनी बेत रद्द करून त्याच तोफा पुन्हा मागे ओढायला लावल्या. मग मार्चमध्ये सुरुवात, खंदक पुढे पुढे सरकवत छप्पन्न दिवसांचा वेढा, आणि ७ मेला तळ पडला. सायकलींवर शेकडो किलो ओझं लादून ढकलत नेणारी माणसं हे त्या विजयाचं खरं रहस्य. त्यांचं श्रेय त्यांना द्या.

रायगडाच्या भेटीत महिला परराष्ट्रमंत्र्यांचं नाव नाही, साल नाही. त्या काळात जगाला माहीत असलेल्या अशा बाई म्हणजे न्गुयेन थी बिन्ह, दक्षिणेतल्या क्रांतिकारी सरकारच्या परराष्ट्रमंत्री. पॅरिसच्या करारावर त्यांची सही आहे, आणि त्या भारतात येऊनही गेल्या, हे खरं. पण परदेशी मंत्री रायगड चढते म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. रोपवे नाही, चौदाशे-पंधराशे पायऱ्या, जिल्हाधिकारी, महाडचे प्रांत, पोलीस बंदोबस्त, दुभाषी, पाचाडला गाड्यांची रांग. दुसऱ्या दिवशी पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर फोटो असता. तो फोटो आजवर एकाही फॉरवर्डसोबत आलेला नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. साम्य आहे. कमी फौज, ओळखीचा मुलूख, शत्रूची रसद तोडायची, तो दमेपर्यंत समोर यायचं नाही आणि गावागावातली माणसं आपल्या बाजूला ठेवायची. सह्याद्री आणि व्हिएतनामचं जंगल यांत लढणाऱ्यांना सारखीच अक्कल सुचली, यात नवल नाही. स्पेनच्या लोकांनी नेपोलियनला असंच बेजार केलं. साम्यावर अभ्यासपूर्ण लेख कोणी लिहिला तर मी आवडीने वाचेन. पण साम्य म्हणजे शिष्यत्व नव्हे.

भारताचा आणि हो चि मिन्ह यांचा संबंध शोधायचाच तर तो भरपूर आहे. चिनी तुरुंगात असताना त्यांनी तुरुंगातल्याच नेहरूंना उद्देशून कविता लिहिली. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये नेहरू हनोईला गेले. १९५८ च्या फेब्रुवारीत हो चि मिन्ह भारतात आले, राजघाटावर गेले. कोलकात्यात तर रस्त्याला त्यांचं नाव आहे, आणि अमेरिकेचा वाणिज्य दूतावास त्याच रस्त्यावर आहे. हे सगळं खरं असताना खोटं कशाला लागतं, हेच मला कळत नाही.

"पण मुलांना प्रेरणा मिळते ना" हा शेवटचा युक्तिवाद माझ्या ताईचाही होता. पुण्यात बसून हे ऐकताना फार त्रास होतो. याच गावात इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी एकेका दप्तरासाठी आयुष्यभर पायपीट केली आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, ते महाराजांबद्दल एक ओळ लिहायची तरी कागद दाखवता यावा म्हणून. महाराजांची थोरवी परदेशातल्या समाधीवर अवलंबून आहे असं पोरांना शिकवलं, तर उद्या ते मोठे होऊन दोन तारखा तपासतील आणि मग प्रतापगडावरही शंका घेतील.

मुलांना जंगलातली लढाईच सांगायची असेल तर उंबरखिंड सांगा. २ फेब्रुवारी १६६१. पुण्याहून निघालेला मुघल सरदार कारतलबखान लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरायला घाटात शिरला. वाट इतकी अरुंद की फौजेला एकामागे एक चालावं लागलं, दोन्ही अंगांना दाट झाडी, आणि पाणी नाही. पुरते आत आल्यावर मराठ्यांनी दोन्ही तोंडं बंद केली. खानासोबत रायबागन ही मुघलांकडची स्त्री सरदार होती. तिनेच त्याला शरण जायला सांगितलं, आणि महाराजांनी खंडणी घेऊन सगळ्यांना जिवंत सोडलं. परमानंदांच्या 'शिवभारता'त हे तपशिलाने आलं आहे. जागाही लांब नाही. खोपोली-पाली रस्त्यावरून चावणीकडे वळलं की अंबा नदीच्या काठाशी विजयस्तंभ आहे, आणि तिथे उभं राहून वर पाहिलं की खानाची वाट कुठून बंद झाली ते लहान मुलालाही दाखवता येतं.