पोस्टर बोलत नाही

ब्रीफ, म्हणजे वर्गात करायला दिलेलं काम, एका ओळीचं होतं: वाचनालयासाठी 'शांतता राखा' सांगणारं पोस्टर करा. त्याखालचा मूल्यमापनाचा तक्ता मात्र पानभर. संकल्पना, शोध, मांडणी, सादरीकरण आणि शेवटी आत्मपरीक्षण. तयार पोस्टर कसं दिसतं याला सगळ्यात कमी गुण, ते तसं का दिसतं हे सांगण्याला सगळ्यात जास्त. ग्राफिक डिझाइनचं हे असंच असतं. 'मला निळा आवडतो' म्हटलं की गुण कापतात. 'निळ्यातून विश्वासार्हता सूचित होते' म्हटलं की सर मान डोलावतात. निळा तोच असतो.

सुरुवात थंबनेलांपासून. बोटभर चौकटीत कच्ची रेखाटनं भराभर काढत जायची, चांगलं-वाईट ठरवायला थांबायचं नाही. ही रीत अलेक्स ऑसबॉर्न नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याची. गेल्या शतकाच्या मध्यावर त्याने ब्रेनस्टॉर्मिंगचे नियम घालून दिले: आधी कल्पनांचा ढीग पाडा, टीका नंतर करा. पण ऑसबॉर्न हे सांगत होता गटात बसलेल्या माणसांना. एकटीने बसायचं म्हणजे कल्पना सुचवणारी आणि नावं ठेवणारी एकाच खुर्चीत. त्यातली नावं ठेवणारी कायम आधी येऊन जागा धरते.

माझं पहिलं थंबनेल, ओठांवर बोट. दुसरं, ओठांवर बोट, पण बाजूने. मग तोंडाला चेन, तोंडाला कुलूप, स्पीकरवर फुली. सर मागे येऊन उभे राहिले. "हे सगळ्यांनाच सुचतं. हे सगळं संपल्यावर जे सुचेल ते आण." सल्ला सोळा आणे खरा आहे. हे सगळं संपल्यावर मला झोप सुचली.

खरी कल्पना दुसऱ्या दिवशी केस विंचरताना आली, ती अख्खीच आली. संपूर्ण पांढरं पोस्टर आणि बरोबर मध्ये अगदी बारीक अक्षरांत एकच शब्द: शांतता. पोस्टरच कुजबुजतंय! मी आरशासमोर स्वतःला शाबासकी दिली आणि लगेच पोटात गोळा आला. कारण अख्खी आलेली कल्पना आमच्याकडे चालत नाही. ती कुठून निघाली, वाटेत कुठे अडखळली, काय टाकून दिलं, हे सगळं प्रोसेस बुकमध्ये दाखवावं लागतं. आता ओठांवरच्या बोटापासून पांढऱ्या कागदापर्यंतचा प्रवास कुठून आणू? आधी कळस मग पाया असं ते बांधकाम सुरू झालं.

प्रोसेस बुकच्या पहिल्या पानावर आमच्या वर्गात बहुतेक सगळेच 'डबल डायमंड' काढतात. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने २००५च्या सुमारास मांडलेली ही आकृती, पत्त्यांतले दोन चौकट एकमेकांना टेकवलेले. पहिल्यात प्रश्न पसरून बघायचा आणि नेमका करायचा, दुसऱ्यात उत्तरं पसरायची आणि एक उचलायचं. दिसायला फार देखणी आहे. माझ्या डोक्यातल्या प्रक्रियेची आकृती काढली तर ती नवं पेन चालतंय का हे बघायला कागदावर मारलेल्या रेघोट्यांसारखी निघेल. पण तसलं काही पहिल्या पानावर लावता येत नाही, म्हणून मीही दोन चौकट काढले आणि त्यांना सुंदर सावली दिली.

एका शब्दाच्या पोस्टरला काम ते काय, असं कोणालाही वाटेल. मला सुद्धा वाटलं होतं. 'शांतता' हा शब्द मोठ्या आकारात फार गुणी आहे. लहान केला की 'शां'वरचा अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो आणि उरते 'शातता', जिला काहीच अर्थ नाही. अनुस्वार थोडा वर उचलला, तर तो शब्दाला सोडून गेल्यासारखा दिसायला लागला. थोडा मोठा केला, तर सगळ्या पोस्टरमध्ये तोच एकटा ओरडायला लागला. शांततेच्या पोस्टरमध्ये एक टिंब आरडाओरडा करतंय आणि मी रात्री जागून त्याला केसभर वर, केसभर खाली करतेय, हे दृश्य मूल्यमापनाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. (फाइलच्या नावांपुढे 'फायनल' किती वेळा लागलं यावर पुष्कळ विनोद होऊन गेले आहेत, ते सोडून देते.)

छापायला देताना तीन मिलिमीटर ब्लीड ठेवायचं, हे आमच्या हाडीमासी मुरवलेलं आहे. कापताना पातं जरा सरकलं तरी कडेला पांढरी रेघ दिसू नये म्हणून रंग कापायच्या रेघेच्या बाहेर वाढवून ठेवायचा. मी पांढऱ्या पोस्टरला इमानेइतबारे पांढरं ब्लीड दिलं. प्रिंट हातात देताना छापणाऱ्या माणसाने ते उजेडात धरलं, भुवया उंचावल्या आणि अनुस्वार अंगठ्याने पुसून बघितला. "बारीक ठिपका पडलाय ताई, दुसरी काढून देऊ का?"

आता मूल्यमापन. शिकलेल्या युक्त्यांपैकी एक म्हणजे डोळे किलकिले करून बघणं. तपशील पुसट झाले की कुठली गोष्ट आधी नजरेत भरते ते कळतं. दुसरी, पोस्टर उलटं टांगणं, म्हणजे शब्द वाचला जात नाही आणि नुसता तोल दिसतो. मी पोस्टर दारावर उलटं चिकटवून समोर डोळे बारीक करून उभी राहिले. काहीच दिसलं नाही. नुसता कागद. संकल्पना म्हणून हे मला मनापासून पटलं. तेवढ्यात आई आली. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे.

"डोळे दुखतायत का गं?"

"नाही. पोस्टर बघतेय."

"हो का? लाव ना मग. कधी लावणार आहेस?"

अशा वेळी मला कॅरोलिन डेव्हिडसनची आठवण येते. १९७१ साली ती पोर्टलंडमध्ये ग्राफिक डिझाइनची विद्यार्थिनी होती. तिने ३५ डॉलरमध्ये नायकीचं ते बाकदार चिन्ह करून दिलं, आणि कंपनीचे सहसंस्थापक फिल नाइटसाहेबांना ते बघताक्षणी काही फारसं आवडलं नाही. सवयीने आवडेल, असं ते म्हणाले आणि चिन्ह घेतलं. हे मी एकदा ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, बोलून पाहिलं आहे. "सवयीने आवडेल" हे समर्थन विद्यार्थ्याच्या तोंडून चालत नाही. ते पैसे देणाऱ्यानेच म्हणावं लागतं.

यंदा खऱ्या जागी चाचणी घेणं सक्तीचं होतं. ग्रंथपालांची परवानगी काढून पोस्टर वाचनकक्षाच्या भिंतीवर लावलं आणि मी वही घेऊन कोपऱ्यात बसले. बराच वेळ कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग एक आजोबा भिंतीपाशी गेले, चष्मा कपाळावर सरकवला, नाक टेकेल इतके जवळ झाले. "इथे काय लिहिलंय हो?" त्यांनी मोठ्यांदा विचारलं. शेजारच्या टेबलावरची मुलगी उठून आली. तिला 'शाश्वतता' वाटलं. स्पर्धा परीक्षेची दोन मुलं आली. एक म्हणाला, नुसता कागद आहे, पोस्टर उलटं लागलंय. दुसरा ते भिंतीवरून काढून मागची बाजू बघायला निघाला. "अहो, काढू नका, कोणीतरी मुद्दाम लावलं असेल!" पाठोपाठ त्या मुद्दामवर चर्चा सुरू झाली. वाचनकक्षात एवढा आवाज यापूर्वी झाला नसावा. वहीत मी लिहिलं: 'वापरकर्त्यांचा पोस्टरशी संवाद उत्तम.'

ज्युरीत तिघं होते. पहिल्या सरांना व्हाइट स्पेस, म्हणजे रिकामी सोडलेली जागा, धाडसी वाटली. दुसऱ्या मॅडमना ती जास्त वाटली. तिसरे पाहुणे परीक्षक हाताची घडी घालून पोस्टरकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "हे पोस्टर बोलत नाही."

"सर, ते शांततेचं आहे."

"ते कळलं. पण बोलत नाही."

यावर काय म्हणणार? मी 'सूचक मौन' असं काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग आत्मपरीक्षणाचा रकाना: स्वतःला दहापैकी किती गुण द्याल? नऊ लिहिले तर पोरगी डोक्यावर बसलीय म्हणतात. पाच लिहिले तर लगेच सहमत होतात. सगळा वर्ग म्हणूनच सात लिहितो. मीही सात लिहिले आणि पुढे 'प्रक्रियेतून बरंच शिकायला मिळालं' हे वाक्य जोडलं.

पोस्टर परत आणायला वाचनालयात गेले तर ग्रंथपाल द्यायला तयार होईनात. भिंतीवर तेच होतं. फक्त माझ्या शब्दाखाली त्यांनी काळ्या मार्करने हातभर अक्षरांत लिहिलं होतं: 'शांतता राखा. मोबाइल बंद ठेवा. पोस्टरला हात लावू नये.' आणि खोली खरोखर चिडीचूप होती. मी फोटो काढला, 'वापरकर्त्याच्या सहभागातून विकसित झालेली पुढची आवृत्ती' असं खाली टाइप केलं आणि प्रोसेस बुकमध्ये लावला. शोध या रकान्यात वर्गात सगळ्यात जास्त गुण मला पडले.