‘साधा कार्बोरेटरच बरा’? जरा थांबा

पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देण्याचे दोन मार्ग: जुना, यांत्रिक कार्बोरेटर आणि नवं, संगणकाने चालणारं इंजेक्शन. त्यावर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो: ‘इंजेक्शन हा कंपन्यांनी गळ्यात मारलेला नखरा आहे. कार्बोरेटर साधा, स्क्रूड्रायव्हर असला की कुठेही दुरुस्त होतो. ताकद जास्त, पेट्रोल तेवढंच आणि बॅटरी मेली तरी गाडी घरी येते.’ कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रं) साफ करायला मलाही आवडतं, हाताला दिवसभर पेट्रोलचा वास राहिला तरी. पण यातलं बरंचसं टिकत नाही.

आधी ‘साधा’ बघू. कार्बोरेटर उघडलात तर पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट, नीडल व्हॉल्व्ह, पायलट जेट, मेन जेट, चोक असा सगळा गोतावळा निघतो. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) थोडा उघडला की एका जेटचं राज्य, पूर्ण उघडला की दुसऱ्याचं. एवढं असून हवा किती विरळ आहे हे त्याला कळतच नाही. ३,००० मीटर उंचीवर हवा साधारण पाव हिश्शाने विरळ होते, पण पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही. मिश्रण सुमारे १५ टक्के रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं, प्लग काळा पडतो, गाडी दमते. मग जेट बदला, आणि खाली उतरलात की परत बदला. इंजेक्शनमध्ये हवेचा दाब आणि तापमान सेन्सर मोजतात, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, त्यानुसार पेट्रोल फवारणारा इंजेक्टर कमी-जास्त वेळ उघडा ठेवतो. म्हणजे ती कटकट गेली कुठे? तुमच्या हातातून ईसीयूकडे.

‘पेट्रोल तेवढंच’ हे तर चूकच. थ्रॉटल सोडून गिअरमध्ये उतार उतरताना ईसीयू पेट्रोल पूर्ण तोडू शकतो, साध्या कार्बोरेटरचं आयडल सर्किट (गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवणारी वाट) मात्र पेट्रोल पाजतच राहतं. शिवाय धूर स्वच्छ करणाऱ्या थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला १ किलो पेट्रोलमागे १४.७ किलो हवा, हे प्रमाण जवळपास काटेकोर लागतं. धुरातला ऑक्सिजन मोजून ईसीयूला कळवणाऱ्या सेन्सरशिवाय ते सांभाळणं कठीण.

ताकदीच्या दाव्यात तथ्य आहे, पण अर्धंच. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आत जाणारी हवा थंड, म्हणून दाट होते. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइसच्या मर्लिन या ब्रिटिश विमान-इंजिनाला त्याचा फायदा मिळाला. पण विमानाने झटकन नाक खाली केलं की फ्लोटचा गोंधळ होऊन तेच इंजिन अडखळायचं. जर्मन विमानांच्या डीबी ६०१ इंजिनाला थेट इंजेक्शन असल्याने हा त्रास नव्हता. १९४१मध्ये ब्रिटिश इंजिनिअर बिअट्रिस शिलिंग यांनी पेट्रोलच्या वाटेत एक छोटी चकती बसवून मर्लिनवर तात्पुरता इलाज केला.

बॅटरीचा मुद्दा मात्र मान्य. मॅग्नेटो (इंजिन फिरताना स्वतःच ठिणगीची वीज बनवणारं यंत्र) आणि किक असलेली कार्बोरेटरवाली गाडी बॅटरीविना सुरू होते. इंजेक्शनच्या पंपाला वीज लागतेच. काही छोट्या इंजिनांत ती किक मारून मिळते, सगळ्यांत नाही. चेनसॉसारख्या (झाडं कापायची करवत) कसंही तिरकं-उलटं धरायच्या यंत्रात फ्लोटऐवजी लवचीक पडदा असलेला डायफ्रॅम कार्बोरेटर अजूनही छान काम देतो.

दुरुस्तीचं म्हणाल, तर महिनोन्‌महिने उभ्या गाडीत जेट चिकटतात ते कार्बोरेटरचेच. इंजेक्शनवाल्यांनी टाकी सतत तळाला आणू नये, एवढं पाळावं. टाकीतल्या पंपाला थंड ठेवतं ते पेट्रोलच.