गणेशवेल बारमाही नाहीये हो!

सोसायटीच्या ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आलाय, "गणेशवेल एकदाच लावा, दहा वर्षं बारा महिने फुलं, सावलीतही चालते, बी दहा मिनिटं उकळत्या पाण्यात टाका, दर आठवड्याला चमचाभर युरिया द्या." चार ओळींत इतक्या चुका म्हणजे कमालच.

आधी ते दहा वर्षांचं. ही एका सीझनची वेल आहे. जूनमध्ये पेरली की गणपतीच्या आसपास फुलते, बी धरते आणि मग कितीही पाणी घाला, वाळून काडीच होते. लोकांना ती टिकली असं वाटतं कारण बोंडं तडकून बी त्याच कुंडीत पडतं आणि पुढच्या पावसात आपोआप रोपं येतात, पण ती जुनी वेल नसते, तिची पोरं असतात. ही पोरं ओळखायला मात्र शिका, पहिली दोन पानं पिसासारखी नसतात, बेचकीसारखी असतात. मी एका वर्षी तण समजून सगळी उपटली आणि वर बी खराब दिलं म्हणून नर्सरीवाल्याशी भांडून आले 🙈

उकळतं पाणी? बी पेरायचंय की शिजवायचंय? साल टणक असतं हे खरं, पण त्याला पॉलिश पेपरवर दोनदा हलकं घासलं आणि रात्रभर साध्या पाण्यात ठेवलं की झालं. सकाळी टम्म फुगलेलं दिसतं, जे फुगलं नाही ते परत घासायचं.

युरियात 46 टक्के नायट्रोजन, म्हणजे नुसता पाला. आमच्या शेजारच्या काकूंच्या ग्रिलवर असला मस्त हिरवा पडदा झालाय ना, पण फूल औषधाला नाही. लावताना मातीत मूठभर कंपोस्ट घातलं तरी पुरे.

सावलीत तर नकोच, पाच-सहा तास ऊन पाहिजे. आणि हो, ती लाल चांदणी सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, त्यामुळे "फुलंच येत नाहीत" म्हणणाऱ्यांनी आधी किती वाजता उठता ते सांगा 😄

फॉरवर्डमध्ये नसलेलं एक, ही वेल वेढे घेत चढते, भिंतीला चिकटत नाही, तेव्हा रोप वीतभर व्हायच्या आत सुतळी बांधून ठेवा, नाहीतर स्वतःलाच गुंडाळून घेते आणि तो गुंता सोडवताना हमखास तुटते.